माझ्या फोनवर मी पहिली

“काय टाकू?” कुलूपवाल्यानं विचारलं. त्याचा अंगठा फोनवर तयार होता.

“टाका ना काहीतरी,” मी म्हटलं. “कपडे टाका.”

त्यानं ‘कपडे’ टाकलं. झालं, फोनमध्ये नुसता पूर आला. सदरे, विजारी, पोरांची टोपडी, निम्म्या किमतीत चपला. कुलूपवाला बिचारा अंगठ्यानं वर सरकवत राहिला, वर सरकवत राहिला. “यात कुठं असाल तुम्ही?”

“असेन कुठंतरी खाली.”

“मावशी, खाली म्हणजे किती खाली? अंगठा झिजला माझा.”

सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे वाचनालयाचा वरचा हॉल. नवीन वेबसाइट काढलेल्या आमच्यासारख्या किरकोळ धंदेवाल्यांना तिथं फुकट शिकवायचे, की वेबसाइट काढली ती ठीक, पण ती लोकांना सापडायची कशी? याला एसईओ म्हणतात. शिकवायला एक मास्तर होता, काडीसारखा बारीक, दर दोन वाक्यांनी पाणी पिणारा. त्या दिवशी त्यानं फर्मान काढलं होतं की आपला फोन खिशात ठेवा आणि शेजाऱ्याला सांगा, मला शोधून दाखव.

खरं तर मी वर्गात नाक वर करूनच शिरले होते. माझ्या फोनवर मी पहिली येत होते! घरी दिवसातून पन्नास वेळा टाकून बघायचे, पन्नास वेळा पहिली. नणंदेला दाखवलं, शेजारणीला दाखवलं.

मास्तर म्हणाला, “तुम्ही टाकता काय पण?”

“माझ्या वेबसाइटचं नाव.”

“अहो, नावानं हाक मारली तर कुणीही वळून बघेल! शिवाय तुमचा फोन तुमची खुशामत करतो. तुम्ही रोज तिथंच जाता हे त्याला ठाऊक आहे. ज्या बाईला तुमचं नावच माहीत नाही, ती काय टाकेल?”

मग कुलूपवालाच मध्ये पडला. “मावशी, माझं ऐका. मी आधी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, ‘कुलूप व सुरक्षा सेवा’. एक फोन येईल तर शपथ. मग मास्तर म्हणाले, लोक टाकतात तसं लिही. लोक टाकतात, ‘दार लागलं किल्ली आत राहिली’. तेच जसंच्या तसं लिहिलं, त्याचं वेगळं पान केलं. आता लोक धड जेवू देत नाहीत मला.”

“बघा,” मास्तरनं पाण्याचा घोट घेतला. “अडचणीतला माणूस तुमच्या धंद्याचं नाव टाकत नाही, आपली अडचण टाकतो. तुमच्या गिऱ्हाइकाची अडचण काय?”

“कपडे. नाजूक कपडे.”

“नाजूक म्हणजे?”

“खास.”

“खास म्हणजे कसे?”

“बायकांचे,” मी म्हटलं, आणि माझे कान तापले. हॉलभर माणसं. केकवाली, शिकवण्या घेणारा, फरशी बसवणारा, सगळे माझ्याकडे बघतायत. मी पर्स छातीशी आणखी घट्ट धरली.

“मावशी, ती पर्स ठेवा ना बाकावर,” कुलूपवाला म्हणाला. “केव्हापासून धरून बसलायत.”

“राहू दे,” मी म्हटलं, आणि उठलेच. गॅसवर दूध ठेवून आलेय अशी काहीतरी थाप मारली आणि जिना उतरून चालू लागले.

ज्या बाईची छाती ऑपरेशननं काढलीय, तिला आत घालायचे कपडे मी शिवते. हे वाक्य आत्ता कसं सरळ लिहिलं! तेव्हा ते घशातून बाहेर पडत नव्हतं. सुती ब्रा, तिला आतून कप्पा, आणि कप्प्यात बसणारी उशी. उशीत कापूस आणि खालच्या अंगाला जवस. जवसाचे दाणे निसरडे असतात. बाई वाकली की सरकतात, उभी राहिली की जागेवर येतात. नुसता कापूस कोंबला तर ती बाजू वर चढते, मग दिवसभर कपडा खाली ओढत बसा. वजनही दुसऱ्या बाजूइतकं लागतं, नाहीतर खांदा एकीकडे उचलला जातो आणि मान धरते. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. माझी डावी काढली, तेव्हा स्वतःच्या अंगावर शिकले. बाजारात मिळतं ते रबरासारखं गरम आणि जड. घामानं जीव जायचा. म्हणून आधी माझ्यापुरतं शिवलं, मग वॉर्डातल्या ड्रेसिंगच्या सिस्टरनं बघितलं, आणि तिथून हे सुरू झालं.

ती सिस्टर हीच माझी पाटी आणि हीच माझी जाहिरात. टाके काढताना ती बाईच्या कानाशी वाकायची आणि माझा पत्ता सांगायची. बाई आली की काही बोलायची नाही. दारात उभी राहायची, पिशवी छातीशी धरून. मी म्हणायचे, “या.” बास, एवढ्यावर सगळं चालायचं.

मग सिस्टर निवृत्त झाली आणि लेकाकडे दूर निघून गेली. नव्या सिस्टरला मी भेटून आले. बरी आहे पोरगी, पण म्हणाली, वॉर्डात आता कुणाची जाहिरात करायची नाही, तसा नियम झालाय. तिचंही बरोबर. पण बायका यायच्या बंद झाल्या. ऑपरेशनं थोडीच बंद झाली होती? म्हणजे त्या बायका होत्या, कुठंतरी होत्याच. रुमालाचे बोळे कोंबून, खांदा पाडून, पिशव्या धरून हिंडत असणार. आणि मी इथं कापसाच्या ढिगाशेजारी हातावर हात ठेवून बसलेली. माझा जीव थाऱ्यावर राहीना. मशीनवर बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की खिडकीशी जावंसं वाटायचं. हे म्हणाले, “अगं, घरात वादळ शिरल्यासारखी काय फिरतेस? वेबसाइट काढ.”

हे म्हणजे माझे यजमान. लिफ्टचे मेकॅनिक होते, आता निवृत्त. बोलणं कमी. अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी दाराबाहेरून बोलण्यात आयुष्य गेलं, म्हणून आता शिल्लक नाही, असं स्वतःच म्हणतात.

वेबसाइट काढून दिली वन्संच्या मुलानं. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, खालच्याच मजल्यावर राहतात. मुलगा कॉम्प्युटरवर आणि वन्सं त्याच्या खुर्चीमागे उभ्या. “घराण्याचं नाव आहे त्यावर. भलतंसलतं काही लिहायचं नाही. वाचणाऱ्याला समजेल ते समजेल.” मग काय, ‘महिलांसाठी खास, नाजूक व सुबक शिवणकाम’. फोटो कसला लावायचा? ब्राचा? शिव शिव! गुलाबाचं फूल लावलं. एवढं मोठं, की पान उघडेपर्यंत माणूस पाणी पिऊन यावा. पुढे मास्तर म्हणाला होता, गूगलला डोळे नसतात, चित्रात काय आहे ते शब्दांत लिहून सांगावं लागतं. मी घरी येऊन इमानदारीत लिहिलं, ‘गुलाब’. आठवड्यात एका गृहस्थाचा फोन आला, साखरपुड्याला फुलं मिळतील का. दुसऱ्यानं सोफ्याची कव्हरं विचारली. खास, नाजूक, सुबक ना, म्हणाला.

वन्संचं हे आजचं नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी अख्ख्या इमारतीत सांगितलं होतं, वहिनीचं पित्ताशय काढलं, खडे झाले होते. छाती म्हणायचं नाही, कॅन्सर तर त्याहून म्हणायचं नाही. मी मान डोलावली. अंगात त्राण कुठं होतं वाद घालायला? पण पित्ताशयाचं असं असतं की लोक तुमच्या जेवणावर टपून बसतात. समोरची शेजारीण तर फारच मायाळू. कुणाकडे काही असलं आणि मी तळलेल्या पदार्थाकडे हात नेला, की हिचा हात आडवा. “नको हो, तुमचं पित्ताशय नाही ना!” आणि माझ्यासमोर उकडलेल्या भाज्या सारायची. मला तळलेलं फार आवडतं. किती वर्षं मी दुसऱ्यांच्या ताटातला कुरकुरीत आवाज ऐकत उकडलेला भोपळा गिळलाय, ते माझं मला ठाऊक.

पुढच्या वर्गाला जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. घरात पाय ठरत नव्हता. सगळे उतरून गेल्यावर मी मास्तरच्या टेबलाशी गेले. तोंडानं बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याच्याच फळ्यावर खडूनं लिहिलं, बारीक अक्षरात, एका कोपऱ्यात. त्यानं वाचलं. मला वाटलं, आता हा लाजेल किंवा वाईट वाटल्याचं तोंड करेल. त्यातलं काही नाही. “हं,” म्हणाला, जणू मी फरशी बसवते. “मग येणारी बाई तुम्हाला पहिलं वाक्य काय बोलते?”

“त्या बोलतच नाहीत.”

“तुमच्याशी नाही बोलत. फोनशी बोलत असतील. घरात कुणी नसताना, दार लावून, काय टाकत असतील? जे आईला विचारता येत नाही, डॉक्टरला विचारलं तर येडं वाटेल, तेच माणूस त्या चौकटीत टाकतो. ते वाक्य तुमच्या पानाच्या मथळ्यात हवं. आडून नाही, सरळ. आणि खाली त्याचं उत्तर, ज्यानं ते भोगलंय त्याच्या शब्दांत.” मग ओल्या फडक्यानं फळ्याचा कोपरा पुसला. “तुम्हाला माहीत असेल कुणी अशी?”

“बघते,” मी म्हटलं.

घरी आले तर हे पंखा उतरवून बसले होते. वर्तमानपत्रावर स्क्रू मांडलेले. मी स्वयंपाकघरात गेले, बाहेर आले, परत आत गेले.

“बोल की काय ते,” हे म्हणाले.

“मला सांगा, अशी बाई फोनवर काय टाकेल? मी तर कधी काही टाकलंच नाही. माझी सिस्टर होती.”

हे स्क्रू फिरवत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, “बाईचं मला माहीत नाही. पुरुष काय टाकतो ते सांगू शकतो.”

“म्हणजे?”

“तुला आत नेलं होतं ना, तेव्हा बाहेर बाकावर बसून मी टाकलं होतं. ‘बायकोची छाती काढल्यावर तिच्याशी काय बोलायचं.’”

मी भिंतीला टेकले. “मग? काय आलं?”

“काय येणार? हॉस्पिटलांच्या जाहिराती. एक गादीची. दुसऱ्या शब्दांत टाकून बघितलं, तरी तेच.” स्क्रू हातातून निसटला, तो शोधायला हे वाकले. “मग तुला बाहेर आणलं. तू डोळे उघडलेस. आणि मी विचारलं, चहा घेणार का.”

मला आठवत होतं. आठवत कसलं, मी ते जपून ठेवलं होतं! एवढा तुकडा तोडलाय अंगाचा, आणि हा माणूस चहा विचारतो. डॉक्टरनं अजून पाण्यालासुद्धा हो म्हटलं नव्हतं. त्या चहावरून मी मनातल्या मनात या माणसाशी वर्षानुवर्षं भांडले. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मनात तोच चहा यायचा. आणि हा तिथं बाकावर बसून शब्द शोधत होता. मला रडू फुटलं. चांगलं मोठ्यानं रडले. हे उठून जवळ आले, हात ग्रीसनं काळे, म्हणून हात लावेनात, नुसतेच पंख पसरल्यासारखे दोन्हीकडे धरून उभे.

“काय बोलायचं ते आता सांगते,” मी नाक पुसत म्हटलं. “बसा. लिहायचंय.”

दोन पानं लिहिली. मी एका बोटानं टाइप करते, त्यामुळे संध्याकाळ गेली. पहिल्याचा मथळा, ‘एक छाती काढल्यावर आत काय घालायचं?’ आणि खाली पहिलंच वाक्य, ‘माझी डावी काढली आहे.’ ते टाइप केलं आणि उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. पुसलं. परत लिहिलं. परत पुसणार, तर हे म्हणाले, “तुझं अंग आहे. ठेवायचं तर ठेव, नाहीतर काढ. पण फेऱ्या मारू नकोस, मला गरगरतंय.” ठेवलं.

दुसरं पान यांचं. मथळा तोच, बाकावरचा. उत्तर मी सांगत होते, हे मध्येमध्ये घालत होते. ‘दुखतंय का विचारा. बघू का विचारा. ती नाही म्हणाली तर रागावू नका, काही दिवसांनी परत विचारा. ती बघू देईल तेव्हा डोळे फिरवू नका. चहाचं सगळ्यात शेवटी विचारा.’ शेवटचं वाक्य यांनी घातलं. मी काढत होते, पण यांनी हट्ट धरला.

गुलाब काढला. आमच्या मशीनशेजारी ब्रा ठेवून, कप्प्यातली उशी अर्धी बाहेर काढून फोटो घेतला. वन्संच्या मुलानं तो हलका करून दिला. पोराचे कान तेवढे लाल झाले. फोटोखाली लिहिलं, ‘सुती ब्रा, आतल्या कप्प्यात जवसाची उशी.’ शहराचं नाव आणि पत्ता टाकला, नकाशावर घर दाखवलं, कुठल्या वेळेला यायचं तेही.

दुसऱ्या दिवशी वन्सं वर आल्या. जिन्यातूनच आवाज.

“वहिनी, हे काय लिहून ठेवलंयस? जगानं वाचलं म्हणजे?”

“जगानं वाचावं म्हणूनच लिहिलंय वन्सं. त्यालाच एसईओ म्हणतात.”

“घातलं चुलीत ते एसईओ! आणि मी सगळ्यांना पित्ताशय सांगितलंय त्याचं काय? मी काय तोंड दाखवू?”

“सांगा, परत उगवलं म्हणून.”

यांनी तोंड फिरवलं, खांदे हलत होते. वन्संच्या अंगाचा तिळपापड झाला. “आमचे बाबा असते तर असं हसू दिलं नसतं,” असं काहीतरी म्हणून त्या तरातरा खाली गेल्या, आणि आमच्याशी बोलणं बंद झालं. मी वरून टेचात बोलले खरी, पण वाईट वाटलं. ऑपरेशननंतर महिनाभर माझी वेणी त्यांनी घातली होती, माझा हात वर जात नव्हता म्हणून. ते कुठं विसरतं माणूस?

आणि मग काहीच झालं नाही. एक फोन नाही. मास्तर म्हणायचा, “नवीन वेबसाइट म्हणजे नवीन भाडेकरू. लोकांना ओळख पटायला वेळ लागतो, महिने जातात. कुणीतरी भल्या घरानं तुमच्याकडे बोट दाखवलं तर लवकर होतं.” मी नव्या सिस्टरला पान दाखवलं. ऑपरेशन झालेल्या बायकांचा एक गट होता, त्यांचं स्वतःचं पान होतं. तिथं माझ्या पानाचा दुवा टाकायला तिनं त्यांना सांगितलं. ही जाहिरात नव्हे, माहिती, असं म्हणाली. हुशार पोरगी.

पण माझ्या जिवाला चैन नाही. स्वतःच्या फोनवर बघायचं नाही, ठरलं होतं, म्हणून मी दिसेल त्याचा फोन मागायला लागले. जरा बघू हो, माझा बंद पडलाय. चष्मेवाल्याचा, भाजीवालीचा, किराणावाल्याचा. घाईघाईनं ते वाक्य टाकायचं, खाली सरकवायचं, नाही दिसले की तोंड पाडून फोन परत. किराणावाल्याच्या फोनवर टाकलं आणि पुसायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी साखर आणायला गेले तर गल्ल्यावर त्याची बायको. डोळे सुजलेले. दुकानात चार माणसं. मला बाजूला घेऊन म्हणाली, “काकू, तुम्हाला म्हणून विचारते. यांच्या फोनमध्ये भलतंच निघालं. एक छाती काढल्यावर काय घालायचं, असं. मला काही झालंय आणि डॉक्टरनं यांनाच सांगितलंय का हो? मला झोप नाही दोन दिवस.”

कर्म माझं! माझ्या हातात पिशवी, समोर चार माणसं, आणि ही पोर घाबरून अर्धी झालेली. किराणावाला आतून पोतं घेऊन आला तो तिथंच थांबला. आता थाप मारायला तोंड उघडलं असतं तर मारता आली असती. पण तिचे डोळे बघवेनात.

“अगं, ते मी टाकलंय,” मी म्हटलं. मोठ्यानंच आलं ते. “तुझ्या नवऱ्याचा काही संबंध नाही. माझी छाती काढलीय. कॅन्सर होता. मी अशा बायकांचे कपडे शिवते, आणि माझी वेबसाइट दिसते का ते बघत होते.”

मग किराणावाल्यानं पोतं खाली ठेवलं आणि बायकोला म्हणाला, “दोन दिवस मला कच्चा भात का वाढत होतीस ते आत्ता कळलं.” ती हसली आणि रडायलाच लागली. मी साखर घेतली आणि बाहेर पडले. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. घरी आल्यावर लक्षात आलं, पर्स मी नेलीच नव्हती.

दुकानातल्या बोलण्याला जिना चढायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी दुपारी समोरची शेजारीण दारात उभी. हातात झाकलेली ताटली. चेहऱ्यावर अपराधी भाव, जसं काही भोपळ्याचा शोध तिनंच लावला होता. ताटलीवरचा कागद तेलानं पारदर्शक झालेला. “गरम आहेत,” म्हणाली. “आता चालेल ना?”

मी दारातच एक भजं तोंडात टाकलं. काय सांगू! दातांखाली तो आवाज माझाच होता, दुसऱ्याच्या ताटातला नव्हे. आम्ही दोघींनी ताटली संपवली. जाताना तिनं माझा हात दाबला. वन्संनाही खालून वास गेला असणारच, कारण संध्याकाळी त्यांचा मुलगा वर आला आणि म्हणाला, आईनं विचारलंय, जास्त खाऊन पोटात तर दुखत नाही ना. म्हणजे बोलणं सुरू झालं म्हणायचं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी शोधायचं जवळजवळ सोडलं होतं, तेव्हा एका दुपारी बेल वाजली. दारात एक तरणी बाई. खांदा पडलेला. मोठी कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. जिन्याच्या खिडकीतून खाली रस्त्यावर मोटरसायकलवर एक तरुण, हेल्मेटसुद्धा न काढता बसलेला, आमच्या इमारतीकडे सोडून सगळीकडे बघत.

तिनं पिशवीआडून एक हात काढला आणि फोन पुढे केला. फोन मोठा, कोपऱ्यात तडा गेलेला. त्यावर आमचं पान उघडलेलं. माझं नव्हे, यांचं. मथळा मी ओळखला, बाकावरचा. खाली शेवटची ओळ. चहाचं सगळ्यात शेवटी विचारा.

“फोन त्यांचा आहे,” ती म्हणाली. “त्यांना सापडलं.”

मी म्हटलं, “या.”

मग आत वळून यांना सांगितलं, “अहो, खाली जा जरा. तो पोरगा उन्हात आहे.” यांनी तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं. वाचलं असणार. चपला घातल्या आणि गेले.

मी दार लावलं, पडदा ओढला. टेप घेतली. तिनं आधी पिशवी खुर्चीवर ठेवली, मग हळूहळू बाकीचं. व्रण अजून गुलाबी होता. मी डोळे फिरवले नाहीत. माप घेतलं, शिवून ठेवलेल्यांतली एक ब्रा तिच्या मापाची केली, उशीत कापूस भरला, जवस भरला, हातानं तोलून बघितला, थोडा काढला. खिडकीतून खालचं दिसत होतं. दोन पुरुष मोटरसायकलच्या मागच्या चाकाकडे बघत उभे होते. चाकाला काही झालं नव्हतं. हे काहीतरी सांगत होते, आणि पोरानं हेल्मेट काढलं होतं.

ती कपडे घालून आरशासमोर उभी राहिली. आधी समोरून बघितलं, मग एका बाजूनं. वाकली. उभी राहिली. दोन्ही खांदे एका रेषेत होते. तिनं कुर्ता खाली ओढला, परत ओढला, मग हात सोडून दिले. मला विचारायचं होतं, बरं वाटतंय का, पण नाही विचारलं.

“चहा घेणार का?” मी म्हटलं.

ती हसली. घेतला नाही चहा, त्यांना लांब जायचं होतं. जिना उतरताना तिच्या पावलांचा आवाज मी ऐकत उभी राहिले. खिडकीतून बघितलं तर ती मागे बसत होती, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा मोकळा.

मागे वळले तर पिशवी खुर्चीवरच होती. हाक मारायला खिडकीशी गेले, तोवर मोटरसायकल वळणाआड गेलेली. पिशवी उचलली. आत काही नव्हतं, एक कागदाचा चिटोराही नाही. दाराशेजारच्या खुंटीवर माझी जुनी पर्स कधीपासून लटकत होती. तिच्याशेजारी ती अडकवून ठेवली.